प्रशिक्षक नेमण्याआधी

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाळेचे खेळ आणि आपण'. या विषयाला माझं नाव कोणी सुचवलं ते अजून कळलेलं नाही. मी खो-खोच्या संघात होते हे खरं, पण बारावी. इयत्ता बारावी नव्हे! संघ बाराजणींचा, मैदानात नऊ, उरलेल्या तिघी बाहेर सतरंजीवर. त्या तिघींतली शेवटची मी. पाण्याची कळशी, हळदीची डबी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळणं हे माझं खातं. हे आधीच सांगते, म्हणजे मी पुढे जे बोलेन ते कुठल्या जागेवरून बघितलेलं आहे हे तुमच्या लक्षात राहील.

गेल्या काही महिन्यांत आपण व्हॉट्सॲप गटावर पैसे जमवले आणि ठरवलं, की शाळेला खो-खो आणि कबड्डीसाठी मानधनावर एक प्रशिक्षक द्यायचा. निर्णय चांगलाच आहे. शाळेत आज खेळाचे एकच शिक्षक आहेत आणि प्रार्थनेच्या शिस्तीपासून परीक्षेच्या पर्यवेक्षणापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात आहे. पण गटावरची चर्चा मी परत वाचून काढली. जिल्ह्याचा कप कधी परत येणार, यावर पानंच्या पानं आहेत. नेमलेल्या माणसाकडून आपण काय मागणार, यावर चार निरोप, त्यातले दोन नुसते अंगठे.

म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. ज्या मैत्रिणीची आहे ती समोर बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पण मधेच रडू नकोस."

आपण नववीत होतो. मुलींचा संघ तालुका जिंकून जिल्ह्याला गेला होता. आपले खेळाचे सर त्याच सुमारास सरकारी प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून गावातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून पंधरा दिवसांसाठी बाहेरचे प्रशिक्षक आणले. खेळ त्यांना उत्तम येत होता, हेही सांगते. खांबाजवळ हूल कशी द्यायची, दुहेरी साखळीत वेग न मोडता कसं वळायचं, हे त्यांनी आठ दिवसांत शिकवलं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी उपांत्य सामना झाला. त्यात खांबाला वळसा घालताना आपल्या सगळ्यांत चपळ मुलीचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. अंतिम सामना दुपारी होता. प्रशिक्षक म्हणाले, "पट्टी घट्ट बांधा. नऊ मिनिटांचा तर प्रश्न आहे."

पट्टी मी बांधली. ती संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत उतरली, पळाली, आणि आपण जिंकलो. तो कप कार्यालयातल्या कपाटात आहे, सकाळी तुम्ही सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढलेत. तिच्या पायाला दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर. विभागीय स्पर्धेला ती नव्हती. पुढच्या वर्षी 'दहावीचं वर्ष आहे, पुरे झाले खेळ' असं घरून सांगण्यात आलं आणि ती मैदानावर परत कधी आली नाही. आज सभागृहाचा जिना चढताना कठडा धरून चढत होती, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

तिच्या जागी उतरायला सतरंजीवर आम्ही तिघी होतो. प्रशिक्षकांनी आमच्याकडे बघितलं नाही. पण "सर, मी उतरते" असं आमच्यातलीही एक बोलली नाही. मी तर नाहीच नाही. मला उतरायची भीतीच वाटत होती. उतरले असते तर अर्ध्या मिनिटात बाद झाले असते. हरलो असतो बहुतेक.

त्या प्रशिक्षकांवर राग काढायला मी उभी नाही. त्यांना पंधरा दिवसांत कप आणायला सांगितलं होतं. घोटा सुजला तर काय करायचं, हे वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नव्हतं. आज वर्गणी देणारे आपण आहोत.

मी गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात आहे. तिथे सगळं छान आणि इथे सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. तिथे सामन्याच्या वेळी पालक ज्या भाषेत ओरडतात ती इथे सांगता येणार नाही. पण माझी मुलगी माध्यमिक शाळेच्या क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे रानावनातून पळायच्या संघात आली, तेव्हा पहिल्या सरावाच्या आधी पालकांची सभा झाली. प्रशिक्षकांनी कागद वाटले. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम आहे, की एका मुलाकडून आठवड्यात १८ तासांपेक्षा आणि दिवसात ४ तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. प्रशिक्षकाला प्रथमोपचार आणि छातीवर दाब देऊन श्वास चालू ठेवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी मूल मैदानाबाहेर, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत नाही. मेंदूला धक्का बसल्याचं ठरलंच, तर हळूहळू वाढवत निदान सात दिवस घालवून मगच पूर्ण खेळ. मूल 'मी बरी आहे' म्हणालं, प्रशिक्षकाला पटलं, आईबापांनी आग्रह धरला, तरी नाही.

आमच्या संगणकाच्या धंद्यात हे ओळखीचं आहे. रात्री दोनला यंत्रणा बंद पडते तेव्हा काय करायचं, हे रात्री दोनला ठरवत नाहीत. झोप झालेल्या माणसांनी दिवसा बसून ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. अंतिम सामन्याआधीचे दोन तास म्हणजे प्रशिक्षकाचे रात्रीचे दोनच असतात.

त्या खेळात आणखी एक गंमत आहे. मुख्य शर्यतीत एका शाळेच्या सातजणी पळतात आणि पहिल्या पाचजणींचे क्रमांक मिळवून निकाल लागतो. बेरीज सारखी आली, तर दोन्ही शाळांच्या सहाव्या मुलीचे क्रमांक बघतात. त्या सातांत नसलेल्यांची वेगळी शर्यत असते, आणि आमच्या शाळेत त्यात कोणीही पळू शकतं. माझी मुलगी त्यातली. मागून चौथी आली तरी तिची वेळ वहीत लिहिली जाते. प्रशिक्षक दर शुक्रवारी तिला सांगतात, गेल्या आठवड्यापेक्षा किती सेकंद कमी झाले.

हे ऐकून मला आपले सर आठवले. सर, तुम्ही समोर आहात म्हणून म्हणत नाही. रोज संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं तुम्ही सतरंजीवरच्यांना पाटीवर बसवायचात आणि मुख्य संघाला बाहेर काढायचात. कोणी कुरकुरलं की म्हणायचात, "त्यांनाही गुडघे फोडून घेऊ देत की!" आणि सराव संपल्यावर वाड्यावरच्या मुलींना सायकल हातात धरून चालत घरापर्यंत सोडायचात. कुठल्या नियमात नव्हतं ते. आता जो येईल त्याच्याकडे हा स्वभाव असेलच असं नाही, म्हणून कागदावर आणावं लागेल.

मी एक कच्चा कागद केला आहे. त्यात पायाबद्दल अर्थातच सगळ्यांत आधी लिहिलं आहे: जखमी मुलगा किंवा मुलगी उतरणार की नाही हे प्रशिक्षकांनी ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. डॉक्टर नसतील तर उतरायचं नाही. त्यामुळे सामना गेला, तर मानधनातला एक पैसा कमी होणार नाही आणि कप आला तर एक पैसा वाढणारही नाही. यावर गटात भांडण होणार हे मला माहीत आहे. कपाला बक्षीस ठेवू या म्हणणारे दोघे तर इथे पहिल्याच रांगेत आहेत.

मानधन पूर्ण शैक्षणिक वर्षाचं द्यायचं, फक्त स्पर्धांच्या दिवसांचं नाही. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. जूनमध्ये माणूस नेमून ऑगस्टमध्ये निकाल मागितला की तो मोठी, आधीच तयार मुलं उचलणार आणि सातवीतल्या पोरांकडे बघणारही नाही. चौदा वर्षांखालचा संघ त्याने रोज घ्यायचा. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, तर न खेळलेल्या मुलाचं नाव यादीत घुसवायला कोणी सांगितलं, अगदी आपल्यापैकी कोणी आपल्या भाच्यासाठी सांगितलं, तरी नकार द्यायचा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं असो की दुसरं, आपल्या खर्चाने, रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात. सरावाच्या मधे पाणी. आपल्या वेळी 'खेळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं' म्हणायचे, तो काळ संपला.

मुलींबद्दल स्पष्ट बोलते. आठवीत आमच्या संघाला पंचवीस मुली यायच्या, दहावीत सहा उरल्या. अभ्यास हे कारण सांगितलं जायचं. खरी कारणं म्हणजे मैदानाजवळ स्वच्छतागृह नव्हतं, घरी जाताना अंधार पडायचा, आणि पाळीच्या दिवसांत काय करायचं हे पुरुष शिक्षकाला विचारायची सोय नव्हती. तेव्हा मुलींच्या सरावाला आणि प्रवासाला एक बाई हजर असतीलच. सराव उजेड असताना संपेल. प्रशिक्षक मुलांना वैयक्तिक निरोप पाठवणार नाहीत, जे सांगायचं ते पालक असलेल्या गटावर. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय नेमणूक नाही. हे कोणावर अविश्वास म्हणून नाही. पॉक्सो कायदा २०१२ सालापासून आहे, आणि चांगल्या प्रशिक्षकालाही या चौकटीचा आधारच वाटेल.

आणि शेवटची वीस मिनिटं सतरंजीवरच्यांची. तेही लिहिलं आहे.

कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी लाल पेन आहे. सरांनी आणि बाईंनी आधी तपासावा, शुद्धलेखनासकट. सोमवारी सकाळी अकराला मुख्याध्यापिका बाईंची वेळ घेतली आहे. माझ्याबरोबर माझी मैत्रीण येणार आहे. कार्यालय वरच्या मजल्यावर आहे, म्हणून बाईंनीच खाली यायचं कबूल केलं आहे.