नायटीचा चीक

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या आवारात पावसाळ्यात फरशांच्या फटींतून एक तण वर येतं. तांबूस देठ, पानांच्या बेचक्यात हिरवट फुलांचे झुपके. मोडलं की पांढरा चीक. इथले लोक त्याला दुधी म्हणतात, आपण नायटी. परवा शेजारच्या काकू तीच खुडत होत्या. गालावर चामखीळ आलीय, तिला लावायला. “गावाकडे लावतात,” म्हणाल्या.

लावतात खरं, आणि त्यात तथ्यही आहे. नायटीची युरोपातली चुलतबहीण युफोर्बिया पेप्लस. तिचा चीक ऑस्ट्रेलियात लोक उन्हानं खरखरीत झालेल्या चट्ट्यांना लावत. असे चट्टे पुढे कर्करोगाकडे झुकू शकतात. त्या चिकातलं इंजेनॉल मेब्युटेट वेगळं काढून २०१२ साली अमेरिकेत त्याच्या मलमाला मान्यता मिळाली. चेहऱ्यावर फक्त तीन दिवस लावायचं. काही तासांत पेशीतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तिची ऊर्जाकेंद्रं, सुजतात, आवरण फुटतं, पेशी मरते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि उरलेल्या रोगट पेशींचा समाचार घेतात. कातडी लाल होते, खपली धरते.

पण याच कुळातला जमालगोटा बघा. १९४१ साली बेरेनब्लम या शास्त्रज्ञानं दाखवलं की उंदराच्या कातडीला कर्करोग घडवणारं रसायन थोडंसं लावून वर जमालगोट्याचं तेल लावत राहिलं, तर गाठी भराभर उठतात. त्या तेलातली द्रव्यं पेशीतलं प्रोटीन कायनेज सी हे विकर जागं करतात. इंजेनॉलही तेच जागं करतं! मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: मारणारं आणि वाढवणारं द्रव्य एकाच घरचं.

पुढे ४८४ रुग्णांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा हे मलम लावलेल्यांपैकी ३.३ टक्के जणांना त्वचेचा कर्करोग झालेला दिसला. दुसरं मलम लावलेल्यांत ०.४ टक्के. २०२० साली युरोपात त्याची विक्री थांबली. मोजूनमापून दिलेल्या औषधाची ही गत, तर फटीतल्या नायटीच्या चिकाचं माप कोण घेणार?

काकूंची चामखीळ मी उजेडात नीट पाहिली. कड वेडीवाकडी, रंग दोन तऱ्हेचा. दिवाळीत ती नव्हतीच, म्हणाल्या. चिकानं वरचा थर जळाला असता, तर डॉक्टरांनी तुकडा तपासायचा कशाचा? आधी मी त्यांना हात साबणानं धुवायला लावले, कारण हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. सोमवारी आम्ही दोघी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहोत.