पांढऱ्या उंदरांचं दुखणं



मी पशुसखी. शेळ्यांना लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, कोंबड्यांना मानमोडीचे थेंब देणं, हे माझं रोजचं काम. उंदरांवर बोलायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण यंदा संक्रांतीला माझ्या जाऊबाईंच्या पोरानं संभाजीनगरहून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. आठवीतला पोरगा, साठवलेल्या पैशातून आणली, म्हणून कुणी रागवलं नाही.

दुकानात ‘पांढरे उंदीर’ म्हणून दोन वेगळे प्राणी विकतात बरं का. अंगठ्याएवढा असतो तो लहान जातीचा. आमचा होता मोठ्या जातीचा, हातभर शेपटीसकट. मोठा उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो, माणसाला ओळखतो, खांद्यावर बसतो. माझ्याही बसला. आधी अंगावर काटा आला, मग सवय झाली.

तीन आठवड्यांत मादी व्याली. नऊ पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. सगळी आळी बघायला आली. तिथंच आमच्या गटातल्या एका ताईंच्या डोक्यात आलं, की शहरात जोडीला पैसे मिळतात, मग गटातून कर्ज काढून पिंजरे घेऊ आणि हाच जोडधंदा करू. चार जणी तयारही झाल्या. मला विचारलं. मी म्हटलं, थांबा, आधी या नऊ पिल्लांचं काय होतंय ते बघू.

आमची पहिली चूक इथंच झाली. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते, आणि व्याल्यावर एका दिवसाच्या आत पुन्हा माजावर येते. नर आम्ही त्याच पिंजऱ्यात ठेवला होता. पाजता पाजताच तिला पुन्हा दिवस गेले. शेळीच्या बाबतीत आपण असं होऊ देऊ का? दुसऱ्या वेताची आठ पिल्लं झाली तेव्हा तिच्या पाठीचा कणा हाताला लागत होता. होळीला पिंजऱ्यात एकोणीस जीव. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर भाऊ-बहिणींतच वीण सुरू होते. हे आम्हाला उशिरा कळलं.

मग एका सकाळी मादीच्या डोळ्याभोवती आणि नाकाला लाल डाग दिसले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांचं माहेर गेवराईकडं, बीड जिल्ह्यात. १९९४ साली बीडजवळच्या मामल्यात प्लेग निघाला होता. भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गावात उंदीर मरून पडले, पिसवा वाढल्या, मग माणसांना ताप आणि जांघेत-काखेत गाठी. पुढं सुरतेत साथ आली आणि लोकांनी शहर सोडलं. त्यांच्या आईनं त्याही आधीच्या गोष्टी सांगितलेल्या, उंदीर पडला की घराला कुलूप लावून रानात झोपडी घालायची. त्या म्हणाल्या, “सूनबाई, आजच्या आज हे बाहेर काढा. घरात लेकरं हायेत.”

मला त्यांचं भय खोटं वाटलं नाही. मी पिंजरा झाकून मादीला शहरातल्या सरकारी पशुदवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ओला कापूस फिरवला, डाग पुसला गेला. ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागं एक ग्रंथी असते, तिचा स्रावच लाल असतो. जनावर आजारी किंवा घाबरलेलं असलं, अंग चाटायची ताकद नसली, की तो वाळून दिसतो. म्हणजे डाग हा रोग नाही, पण आत काहीतरी बिघडल्याची खूण आहे.

बिघाड होता छातीत. कानाजवळ धरलं तर घरघर ऐकू यायची. पाळीव उंदरांत श्वासाचा हा जुनाट आजार फार. जंतू आईकडून पिल्लांना जातात, अंगात दबून राहतात आणि हवा वाईट झाली की उठतात. आमची हवा वाईट होतीच. पिंजरा आठ दिवसांनी धुवायचो, मुताचा वास नाकात चढायचा, आणि खाली लाकडाचा भुसा. त्या भुश्याची धूळ त्यांच्या छातीत जाते. मॅडमनी भुसा काढून फाडलेला कागद घालायला सांगितला, ओला कागद रोज बदलायचा. औषधानं त्रास कमी होतो, जंतू मुळासकट जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

प्लेगचं त्यांनी सासूबाईंसाठी फोनवर समजावलं. प्लेग पिसवांमधून येतो. रोगी उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, माणूस सापडला तर माणूस. म्हणून घरातले, रानातले उंदीर कारण नसताना एकदम बरेच मरून पडले, तर हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगायचं. पिंजऱ्यातल्या उंदराला धोका बाहेरच्यापासूनच. आमच्या सांडलेल्या बाजरीवर रात्री घरातले काळे उंदीर यायचे. ते मुततात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, कधी कावीळ. असं झालं तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपण होऊन सांगा. पाळीव उंदीर चावला तरी साबणानं धुऊन दवाखाना गाठा, त्याचाही वेगळा ताप येतो. आणि पोटुशी बाईनं पिंजरा साफ करू नये.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. मादीच्या अंगावर गाठ. उंदरीची दुधाची ग्रंथी गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ काखेत, मानेजवळ, कुठंही येते. बऱ्याचदा ती साधी असते, पण वाढत जाते. लहान असताना शस्त्रक्रिया होते. पण एवढ्याशा जिवाला भूल देणारा डॉक्टर तालुक्याला मिळेल अशी आशा धरू नका. तळाला नुसती जाळी असली तर पायाला फोड येतात, फळी किंवा पुठ्ठा टाका. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला मक्याचं वाळलं कणीस द्या. बुरशी लागलेले शेंगदाणे मात्र नको. आपल्यालाही नकोत, शेळीलाही नकोत.

मादी औषधानं सावरली होती. गेली ती उन्हानं. चैत्रात पिंजरा पत्र्याच्या खोलीत होता, आणि आम्ही सगळे एका लग्नाला गेलो. उंदराला घाम येत नाही, अंगातली ऊब तो बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. आपला चाळिशीपारचा उन्हाळा त्याला झेपत नाही. आलो तेव्हा ती आणि चार पिल्लं आडवी पडलेली. पोरगा दोन दिवस जेवला नाही.

त्यानंतर गटाची बैठक झाली. मी हिशेब मांडला, की रोज साफसफाई, नर-माद्यांचे वेगळे पिंजरे, उन्हाळ्यात गारवा, डॉक्टर पंचवीस कोसांवर, आणि दुकानदार आजारी पिल्लू घेत नाही. ज्या ताईंनी धंदा सुचवला होता त्यांना राग आला. “शेळ्या मरत नाहीत का?” म्हणाल्या. मरतात. पण पीपीआरची लस माझ्या डब्यात असते, उंदराच्या घरघरीवर माझ्याकडं काही नाही. शेवटी कर्ज दोन उस्मानाबादी शेळ्यांना दिलं. ताई अजून माझ्याशी तुटक बोलतात.

उरलेली पिल्लं पोरानं मित्रांना दिली, नर-मादी अशी जोडी कुणालाच नाही. दोन बहिणी ठेवल्या. पिंजरा आता माजघरात, माठाशेजारी, वर ओलं गोणपाट. दुपारी ते वाळलं की सासूबाईच त्यावर पाणी शिंपडतात.