गुलाब आणि ऋतुमान

गच्चीवर चार कुंड्यांत गुलाब लावणाऱ्या कुटुंबांची तक्रार बहुधा एकच असते. श्रावणांत झाडाचीं पानें गळतात आणि मार्गशीर्षांत नव्या पालवीवर पीठ माखल्यासारखें दिसतें. दोन्ही वेळां ‘कीड लागली’ असें म्हणून एकच औषध मारलें जातें. वस्तुतः हे बुरशीचे दोन निराळे रोग असून त्यांच्या आवडीनिवडी परस्परविरुद्ध आहेत.

श्रावणांतील रोग काळ्या ठिपक्यांचा. त्याचें बीजाणु रुजण्यास पान सुमारें 7 तास सतत ओलें राहावें लागतें. पावसाचे उडते थेंब तें एका पानावरून दुसऱ्यावर नेतात. ठिपक्याभोंवतीं पान पिवळें पडतें व गळतें. म्हणून संध्याकाळीं पानांवर पाणी शिंपूं नये. तें सकाळीं बुंध्याशीं घालावें. गळलेलीं पानें वेंचून दूर टाकावींत आणि कुंड्यांमध्यें वारा खेळेल इतकें अंतर ठेवावें.

मार्गशीर्षांतील रोग म्हणजे भुरी. हिला पानावर पाणी नकोच. उलट साचलेल्या पाण्यांत तिचें बीजाणु नीट रुजत नाहींत. रात्रीं गार व दमट, दिवसां कोरडें व उबदार, असें पुण्याकडील हिवाळ्याचें हवामान तिला मानवतें. तिचा प्रसार वाऱ्यानें होतो. कोंवळीं पानें मुडपतात, कळ्या उमलत नाहींत. हिच्यावर गंधकाची भुकटी गुणकारी आहे. मात्र कडक उन्हांत ती वापरल्यास पानें करपतात.

छाटणीलाही ऋतूचें बंधन आहे. आपल्याकडे ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरांत करितात. पावसांत कापलेली फांदी ओली राहून शेंड्याकडून काळी पडत वाळत जाते. छाटलेल्या टोंकांस मोरचूद व चुना यांचा लेप लावावा. याच दोन द्रव्यांच्या मिश्रणाचा द्राक्षवेलीवरील उपयोग फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं 1885 सालीं प्रसिद्ध केला. त्यावरूनच त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात.

एक विनंति मात्र आवर्जून करितों. श्रावणांत निष्पर्ण झालेलें झाड मेलें असें समजून उपटूं नका. नखानें साल किंचित् खरवडून पाहा. आंत हिरवें दिसलें, तर झाड जिवंत आहे. पाऊस ओसरेपर्यंत त्याला सांभाळा. योग्य वेळीं छाटणी होतांच तें पुन्हां पालवतें.