वाणीतील सूर
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘संभाषण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शब्दांविषयी बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. म्हणून शब्द ज्या सुरातून श्रोत्यापर्यंत पोहोचतात, त्या सुराविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

‘या, बसा’ हे दोनच शब्द घ्या. ते जिव्हाळ्याने उच्चारले तर पाहुण्याचा शीण उतरतो. तेच तुटकपणे उच्चारले तर तो उंबरठ्यावरच अवघडतो. कोशातला अर्थ मात्र दोन्ही वेळी एकच!

आपल्या पूर्वसूरींना हे पुरते ठाऊक होते. सुराच्या फेरफाराने अर्थ पालटतो, त्यास साहित्यशास्त्रकारांनी ‘काकु’ असे नाव दिले. ‘तो येणार नाही’ हा साधा नकार. पण शेवटी सूर चढविला की ‘येणारच’ असा उलट अर्थ निघतो. वृत्राची कथाही आपण ऐकली असेल. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. परंतु ‘इंद्रशत्रु’ या पदातील स्वर चुकला, आणि ‘इंद्राचा वध करणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याचा वध करील तो’ असा अर्थ झाला. अक्षर एकही बदलले नव्हते.

भरताच्या नाट्यशास्त्रात उर, कंठ आणि शिर अशी स्वराची तीन स्थाने सांगितली आहेत. दूरच्या माणसास शिरातून, थोड्या अंतरावरील माणसास कंठातून आणि जवळच्यास उरातून निघालेल्या स्वराने संबोधावे, असा नटासाठी नियम आहे. संसारात आपण नेमके उलट करतो. परक्याशी मृदू बोलतो, आणि शेजारी बसलेल्या पत्नीशी, मुलाशी वा सुनेशी मात्र शिरातल्या स्वराने!

आधुनिक शास्त्र याची कारणे सांगते. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास सुमारे १०० ते १३० वेळा, तर स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. क्रोधाने वा भीतीने स्नायू ताणले जातात, श्वास आखूड होतो आणि स्वर चढतो. म्हणून मुखाने लपविलेले आवाज सांगून टाकतो. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की जन्मून तीन दिवसही न झालेली अर्भके आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. शब्द कळण्यापूर्वीच माणसाला सूर कळतो!

२००२ साली नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतील दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले व त्यांतील शब्द कळणार नाहीत अशी योजना केली. उरला केवळ सूर. ज्यांच्या सुरात अधिकाराचा दर्प अधिक आणि आस्था कमी वाटली, त्यांच्यावर पूर्वी रुग्णांनी दावे केलेले असण्याचा संभव अधिक आढळला.

बंधुभगिनींनो, हे आपल्या मंडळासही लागू आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन एखादा विद्यार्थी येतो. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न त्यास विचारावाच लागतो. परंतु तो आस्थेच्या सुरात विचारला की उलटतपासणीच्या, यावर त्या मुलाचा मान अवलंबून असतो. पैसे मिळाले, पण सूर जिव्हारी लागला, तर पुढील वर्षी तो आपल्या धाकट्या भावास पाठविणार नाही. आणि आपल्या अहवालात ‘यंदा अर्ज कमी आले’ एवढीच नोंद होईल. कारण इतिवृत्तात ठराव लिहिला जातो, सूर लिहिला जात नाही. घरच्या मोलकरणीशी आणि दारच्या हमालाशी आपण कोणत्या सुरात बोलतो, हेही येथेच तपासून पाहावे.

याचा अर्थ केवळ गोड बोलावे असा नव्हे. साखरपेरणीतला खोटेपणाही कानास कळतो. अर्ज नाकारावा लागला तर स्पष्ट नाकारावा; पण त्या नकारात माणसाचा अव्हेर नसावा. साहाय्यास द्रव्य लागते आणि द्रव्य जमविण्यास वर्षे लागतात. सूर सुधारण्यास मात्र, बोलण्यापूर्वी घेतलेला एक दीर्घ श्वास पुष्कळदा पुरतो.