दान आणि दात्याचे धन



अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते, तो एलिहू येल १६८७ ते १६९२ या काळात मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्या बंदरातून माणसे गुलाम म्हणून जहाजांवर चढविली जात आणि तसे आदेश देणाऱ्या कौन्सिलचा तो प्रमुख होता. १६८८ साली याच कौन्सिलने ही निर्यात थांबविली, असे त्याचे समर्थक सांगतात. परंतु त्यामागे करुणा नव्हे, मोगल सत्तेचा रोष होता. १७१८ साली त्याने ४१७ ग्रंथ आणि मालाचे ९ गठ्ठे दान दिले. माल ५६२ पौंडांना विकला गेला आणि दात्याचे नाव अमर झाले. २०२४ साली विद्यापीठाने गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल क्षमा मागितली. नाव मात्र कायम राहिले.

येलच्या एका चित्रात, गळ्यात धातूचे कडे असलेला कृष्णवर्णीय बालक उभा आहे. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही.

आपल्या परंपरेने दानाइतकाच न्यायार्जित धनाचा आग्रह धरला. तेव्हा देणगीची पावती फाडताना आपणही विचारले पाहिजे : हे धन कोणाच्या घामाचे?