नोंद नसलेले तास



वस्तीत मोबाइल चोरीला गेला की शाळा सुटलेली पोरं आधी उचलली जातात. पोलीस आईला सांगतात, "चौकशीला नेतोय, तासाभरात सोडू." ठाण्याच्या डायरीत नोंद होत नाही. मुलाला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करा, असं कायदा सांगतो. पण ताब्यात घेतल्याची वेळच कागदावर नसेल, तर ते २४ तास मोजायचे कुठून? या नोंद नसलेल्या तासांबद्दल मला आज बोलायचं आहे.

कायद्यात लिहायचं फारसं काही राहिलेलं नाही. २०१५चा बाल न्याय अधिनियम आणि २०१६चे आदर्श नियम बघा. मुलाला कोठडीत टाकायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, आईवडिलांना लगेच कळवायचं, गुन्हा कबूल करायला भाग पाडायचं नाही, जबाबावर सही घ्यायची नाही. ज्या जागी त्याच्याशी बोलायचं, ती पोलीस ठाण्यासारखी वाटताही कामा नये.

मग तरीही या नोंद नसलेल्या तासांत मारहाण का होते? पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे हवालदारालाही पाठ असतं. पण आरोपीने ताब्यात असताना काही सांगितलं आणि त्यातून चोरीचा माल सापडला, तर सांगण्याचा तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ मधली ही वाट नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. "कुठं लपवलंस ते दाखव" या एका प्रश्नासाठी बारा-तेरा वर्षांच्या पोराला रात्रभर बसवून ठेवलं जातं. माझ्या मते सगळ्या छळाचं मूळ इथे आहे.

दुसरी पळवाट वयाची. मुलगा अंगाने थोराड दिसला की कागदावर १९ वर्षं लागतात आणि बाल न्यायाचं सगळं संरक्षण एका आकड्यात गळून पडतं. वयाबद्दल शंका असेल, तर कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून मुलाला नेलं की आईने आधी दाखला शोधावा.

चौकशीत पालक समोर नसले की काय होतं, त्याचं एक बाहेरचं उदाहरण बघा. १९७२ साली लंडनमध्ये एका खुनाच्या प्रकरणात तीन मुलांनी कबुली दिली. चौकशीच्या वेळी पालक जवळ नव्हते. शक्य असेल तिथवर पालकांसमोरच मुलांची चौकशी करावी, असं तिथल्या पोलिसांसाठीच्या निर्देशांत तेव्हाही लिहिलेलं होतं. १९७५ साली शिक्षा रद्द झाल्या. पुढे १९८४च्या कायद्यानंतर मुलाच्या चौकशीत प्रौढ व्यक्ती सोबत असणं बंधनकारक झालं. अपवाद फक्त तातडीच्या प्रसंगाचा.

आपल्या नियमात आजही पालक हजर "राहू शकतात" एवढंच आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला "बाहेर बस" म्हणायला एवढी सैल भाषा पुरते. पालक आणि वकील समोर असल्याशिवाय मुलाला एकही प्रश्न विचारता येणार नाही, असा बदल नियमात व्हायलाच हवा, आणि ही मागणी आपण आपल्या आमदारांकडे लेखी करायला हवी.

तोवर एवढं करा. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. आत गेल्यावर आधी त्याचं नाव विचारा आणि डायरीत नोंद झाली का ते पाहा. मुलाला वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.