शेजाऱ्याला एकटं पाठवू नका
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षं आपण एकमेकांचे शेजारी आहोत. म्हणून आज शेजाराबद्दलच दोन शब्द बोलतो.

मौद्याहून नागपूर तासाभराच्या वाटेवर. तिथल्या कस्तुरबा नगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाची वर्षानुवर्षं दहशत होती. खंडणी, मारहाण, बायांवर अत्याचार. लोक तक्रारी घेऊन जायचे, पण दाद लागत नव्हती. शेवटी 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच जमावानं त्याला ठार केलं. वस्तीतल्या बायांवर खटला चालला. 2014 साली आरोपी पुराव्याअभावी सुटले.

मी याला न्याय म्हणणार नाही. पण त्या बायांना दोषही देववत नाही. पोलीस ऐकत नाहीत असं झालं की माणसं कायदा हातात घेतात.

1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, ठाण्यानं तो नोंदवायचा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नोंदवला नाही, तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तरीही काही झालं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. तातडीची मदत लागली तर 112.

आपण गेटवर कॅमेरे लावतो, वॉचमन ठेवतो. ते ठीकच आहे. पण ठाण्याची पायरी एकट्यानं चढायला भल्याभल्यांना भीती वाटते. तेव्हा उद्या कुणाच्या घरी प्रसंग आलाच, तर दोघा-चौघांनी सोबत जायचं, एवढं आज ठरवू या.